कोमट डाग

१

लोकरीवरचा डाग घासायचा नसतो. हे मी इतक्या जणांना इतक्या वेळा सांगितलंय, की झोपेतून उठवून विचारलंत तरी तेच सांगेन. तरी लोक घासतात. आधी बोटाने, मग साबणाने, मग दात घासायच्या ब्रशाने. त्या जागची लोकर गोळा होऊन तिचा पार लगदा झाला, की पिशवीत भरून माझ्याकडे आणतात आणि वर साळसूदपणे म्हणतात, "आम्ही हातसुद्धा नाही लावला हो, असाच होता."

मी हे काम घरीच करते. आमच्या मागच्या खोलीला उत्तरेची खिडकी आहे. उजेड भरपूर आणि ऊन नाही, लोकरीला हवं असतं अगदी तसं. भिंतीला लागून पत्र्याचा टब, समोर लांब टेबल, टेबलावर जुने टॉवेल अंथरलेले. फळीवर ग्लिसरीन, व्हिनेगर, स्पिरिट आणि सौम्य साबणाचा चुरा. बाकी लागतो तो धीर, आणि तो बाटलीत मिळत नाही.

घरात आम्ही तिघी. मी, माझ्या धाकट्या भावाची बायको आणि त्यांची मुलगी ढब्बू. भावाची बायको माझ्याहून पुष्कळ लहान, पण मी पहिल्यापासून तिला वहिनीच म्हणत आले. ती चष्म्याच्या दुकानात असते, दिवसभर लोकांकडून भिंतीवरची अक्षरं वाचून घेते. ढब्बू नुकती पहिलीत गेली होती. वरचा पुढचा दात पडल्यापासून येणाऱ्याजाणाऱ्याला ती खिडकी दाखवत हिंडायची, दूधवाल्यालाही तिने सोडलं नव्हतं.

भाऊ नाही. ढब्बू पोटात असतानाच तो गेला. थंडीतली सकाळ होती, खुर्चीत चहा पीत बसला होता. वहिनी बिस्किटं आणायला आत गेली आणि बाहेर येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. कप अंगावर कलंडला होता. पुढे भेटायला येणारा प्रत्येक जण तिला हेच सांगायचा, की त्याला काही कळलंसुद्धा नसेल. ती ऐकून घ्यायची.

२

एका सुट्टीच्या दिवशी वहिनी मागच्या खोलीच्या दारात उभी राहिली. हातात कागदात गुंडाळलेलं काहीतरी होतं आणि डांबरगोळ्यांचा वास तिच्या आधी आत आला होता.

"ताई, हा निघेल का हो?"

मी कागद उलगडला. शेवाळी रंगाचा, पुढून बटणांचा स्वेटर. माझ्याच हातचा. भावाने तो अंगावरून काढावा म्हणून आम्ही दोघी त्याच्या मागे लागायचो आणि तो म्हणायचा, उन्हाळा येऊ दे, विचार करतो.

"हा आहे अजून? मला वाटलं..."

"ट्रंकेत होता. खाली. मीच ठेवला होता." ती स्वेटरकडे न बघता बोलत होती. "आता उसवू म्हणते. लोकर चांगली आहे. ढब्बूला होईल त्यात एक, बाह्यांसकट. पण हा डाग असला तर पोरीच्या अंगावर कसा घालणार?"

डाग छातीखालून पोटापर्यंत उतरला होता. दूध-साखरेचा चहा, तोही इतक्या वर्षांचा. हात लावला तर लोकर तिथे पुठ्ठ्यासारखी कडक लागत होती. गळ्याशी कसर लागून बारीक भोकं पडली होती. गिऱ्हाइकाचा असता तर मी सरळ सांगितलं असतं, बाई, याची आशा सोडा.

"ठेव," मी म्हटलं. "बघते."

आधी डागावर ग्लिसरीन सोडलं आणि लोकर मऊ व्हायची वाट पाहिली. मग थंड पाण्यात थोडं व्हिनेगर, आणि पांढऱ्या फडक्याने नुसतं टिपत राहिले. फडकं पिवळं होत गेलं. टिपताना डोळे दोनदा भरून आले, दोन्ही वेळा मी व्हिनेगरला दोष दिला. मग साबणाच्या पाण्यात बुडवून, दाबून, टॉवेलात गुंडाळून पाणी काढलं आणि टेबलावर सपाट पसरला. डाग जवळजवळ दिसेनासा झाला होता. मी स्वतःवर खूश झाले.

सकाळी डाग परत आला होता.

यात नवल काही नाही. डाग लोकरीत आतपर्यंत मुरलेला असतो. वरचा आपण काढतो, आणि वाळताना आतली ओल वर येते तेव्हा उरलेला डागही तिच्याबरोबर वर येतो. धीर धरून पुन्हा धुतलं की जातो. वहिनीला मी हेच समजावलं. तिने मान डोलावली आणि दुकानात जाताना स्वेटरच्या खांद्यावर हलकेच हात ठेवून गेली.

३

दुसऱ्यांदा धुवायला घेतला तेव्हा पहिली गोष्ट खटकली ती डागाची. तो कडक राहिला नव्हता. मऊ झाला होता, बोटाला किंचित चिकटत होता. ग्लिसरीनचा अंश राहिला असेल, मी म्हटलं. रंगही गडद दिसत होता. ओल्या लोकरीचा रंग गडद दिसतोच. मी माझ्या मनाला प्रत्येक गोष्टीचं उत्तर देत होते आणि मन शहाण्या मुलासारखं ऐकत होतं.

धुऊन झाल्यावर पसरताना गळा नीट करायला घेतला. कसरीची भोकं कुठे दिसेनात.

चष्मा पुसला. स्वेटर खिडकीपाशी नेला, उजेडासमोर धरला. गळ्याची पट्टी सलग होती, टाक्याला टाका. रफू केलेलं असतं तर मला ओळखता आलं असतं, दुसऱ्याच्या हातचं रफू मी नुसत्या बोटाने ओळखते. इथे रफू नव्हतंच. भोकं पडलीच नव्हती, असा तो गळा होता.

मग मी काय केलं? काही नाही. स्वयंपाकघरात जाऊन भांडी लावली. वय झालं की माणूस नसलेली भोकं बघतो, असं स्वतःला ठणकावून सांगितलं. त्या दिवशी एका शेजारणीचा कोट आला होता, त्याच्या बाहीवर शाई सांडली होती. तिने ती घासली होती हे सांगायला नकोच. मी तिला एरवीपेक्षा जास्तच बोलले.

डांबरगोळ्यांचा वास पार गेला होता. त्या जागी दुसराच एक वास येत होता, पेपरमिंटचा. भावाच्या खिशात कायम पेपरमिंटच्या गोळ्या असायच्या. लोकर वास धरून ठेवते, वर्षानुवर्षं. हेही खरंच आहे.

४

ढब्बूच्या लाल स्वेटरच्या बाह्या थंडीच्या सुरुवातीला तिला अपुऱ्या पडायला लागल्या होत्या. मीच मनगटाशी टाके उचलून दोन बोटं पट्टी वाढवली होती. आता ती शाळेतून आली तर बाह्या हातांवरून खाली लोंबत होत्या, बोटांची टोकं तेवढी बाहेर.

"काय गं, बाह्या ओढल्यास का?"

"नाही, आत्तू. त्याच मोत्या झाल्या."

मी बाही दुमडली. 'मोठ्या' म्हणायला ती कधीच शिकली होती. नुसतं 'मोठ्या' काय, 'चष्म्याच्या दुकानातल्या खुर्च्या' असं एका दमात म्हणून दाखवायची.

त्याच आठवड्यात तिच्या बाईंनी शाळेच्या फाटकाशी मला थांबवलं. बाई भल्या होत्या, शब्द जपून वापरत होत्या. "घरी काही झालंय का? नाही म्हणजे, जोडाक्षरं वाचत होती ती. आता काना-मात्रेला अडतेय. आणि दुपारी झोप येते म्हणते, अगदी बालवाडीतल्यासारखी." मी म्हटलं, थंडी आहे, वाढीचं वय आहे. वाढीचं वय म्हणताना जीभ अडखळली.

घरी आल्यावर मी तिला बिस्किट दिलं आणि समोर बसले. तिने ते पुढच्या दातांनी कुरतडलं. पुढच्या दोन्ही दातांनी.

"ढब्बू, आ कर बघू."

तिने आ केला. खिडकी बंद झाली होती. नवा दात असा एका रात्रीत येत नाही, आणि आला तर रुंद, करवतीच्या कडेचा येतो. हा बारका होता, दुधाचा, आणि त्याचा कोपरा उडालेला होता. पायरीवर पडली होती तेव्हा उडालेला तो कोपरा. तो दात पडला तेव्हा मीच तो तळहातावर घेऊन पाहिला होता.

"दुखतो का गं?"

"नाही," ती म्हणाली आणि उरलेलं बिस्किट माझ्या मांडीवर ठेवून झोपून गेली. हल्ली मांडीवर तिचा भार जाणवत नव्हता. महिन्याभरापूर्वी तिने अंग टाकलं की माझ्या पायांना मुंग्या यायच्या.

५

मला तेव्हाच थांबता आलं असतं. पण एखादी गोष्ट दिसणं आणि ती गोष्ट आहे असं मानणं, यांत माझ्यासारख्या हट्टी बाईला पुष्कळ अंतर कापावं लागतं. शिवाय अर्धवट राहिलेला डाग मला बघवत नाही. मी स्वेटर तिसऱ्यांदा धुतला.

वाळायला पसरला आणि तासाभराने बघायला गेले. बाकीचा स्वेटर थंडगार, ओलसर. डाग मात्र ओला होता, चिंब. मी त्यावर तळवा टेकवला.

डाग कोमट होता.

ऊन या खोलीत येत नाही. शेगडी नाही. टेबलाखाली वाकून पाहिलं, काय बघत होते मलाच ठाऊक. पुन्हा तळवा टेकवला. चहाचा वास आला, ताज्या, जास्त साखरेच्या. भाऊ तसाच प्यायचा, आणि मी पाकात बिस्किट बुडवतोस म्हणून चिडवायचे.

मागे वहिनी उभी होती. ती कधी आली ते कळलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, आणि मला त्याचीच भीती वाटली.

"काल गार होता," ती म्हणाली. "आज कोमट झाला, हो ना? मी रोज हात लावून बघते."

"वहिनी, बस जरा."

"ताई, अजून एकदा धुतलात ना, की डाग पडलेलाच नसेल." ती हसली. इतक्या वर्षांत तिला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं. "मी बिस्किटं आणायला जाणारच नाही. समोर बसून राहीन. हाक मारीन, डॉक्टरला बोलवीन. नुसती समोर असले तरी..."

मलाही भाऊ हवा होता. हे लपवण्यात अर्थ नाही. तो माझ्या पाठीवरचा, त्याला मी कडेवर घेऊन वाढवला. त्या टेबलापाशी उभी असताना मी मनात एक वेळ हो म्हटलं होतं.

"आणि ढब्बू?" मी विचारलं. "तिच्याकडे बघितलंस का तू?"

"बघितलं."

"तिचा दात..."

"लहान होतेय, एवढंच ना?" वहिनीने स्वेटरची बाही सरळ केली, आत हात असल्यासारखी जपून. "होईल की पुन्हा मोठी. या वेळी बापासमोर होईल."

मी तिला म्हटलं, ती लहान होऊन थांबणार नाही. डाग पडला तेव्हा ती जन्मलीही नव्हती. वहिनीने ऐकलं. बाहेरच्या खोलीत ढब्बू आईला हाका मारत होती, आणि तिने दोनदा हाक मारल्यावरच वहिनी गेली.

६

मी तो स्वेटर पुन्हा पाण्याला लावणार नाही असं ठरवलं. तसं वहिनीला स्पष्ट सांगितलंही. ती "बरं" म्हणाली. बरं म्हणणाऱ्या माणसावर मी विश्वास ठेवला, कारण ती वहिनी होती आणि दिवसाउजेडी दुकानात जायची तशी गेली.

दुपारी शेजारणीचा कोट पोचवायला मी बाहेर पडले. ढब्बू तेव्हा अंथरुणावर बाहुली घेऊन पडली होती, आज तिला शाळेत पाठवलंच नव्हतं. समोरच्याच इमारतीत जायचं होतं. शेजारणीने चहा घेता का म्हणून विचारलं. मी कोट तिच्या हातात कोंबून परत निघाले.

दार नुसतं लोटलेलं होतं. वहिनीच्या चपला आत होत्या.

अंथरुणावर लाल स्वेटर पसरलेला दिसला आणि त्यात हालचाल दिसली. ढब्बूला त्याच्या गळ्यातून डोकं वर काढता येत नव्हतं. मी तिचं डोकं सोडवलं. मऊ जावळ, हिरड्या कोऱ्या. तिने माझं बोट धरलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू तिला ओळख पटायची अजून राहिली होती.

मागच्या खोलीत स्वयंपाकघरातली शेगडी आणून ठेवलेली होती आणि तिच्यावर किटली होती. वहिनी टबाशी गुडघे टेकून बसली होती, हात कोपरांपर्यंत पाण्यात. ती घासत नव्हती. मी शिकवलं होतं तसंच अगदी जपून दाबत होती, सोडत होती, दाबत होती.

"हळू बोला, ताई," ती न वळता म्हणाली. "जागा होतोय."

मी टबात पाहिलं. स्वेटरची सगळी बटणं लावलेली होती. डागातून बारीक तपकिरी धार निघून पाण्यात विरत होती, शेवटची. मी हे काम आयुष्यभर केलंय. एका स्वेटरला किती पाणी लागतं ते मला डोळे मिटून कळतं, आणि रिकामी बादली शेजारीच होती. एका बादलीने तो टब अर्धासुद्धा भरत नाही. पाणी काठाला लागलं होतं. वहिनीने दाबलं की काठावरून सांडत होतं.

"चहा ठेवलाय त्याला," ती म्हणाली. "उठल्या उठल्या लागतो."

बाहेर ढब्बू रडायला लागली. तान्ह्या मुलाचं रडं, दम नसलेलं. वहिनीचे हात पाण्यात थांबले. रडं आणखी बारीक झालं. तिने एकदा टबाकडे पाहिलं, एकदा दाराकडे. तो चेहरा मला कधी विसरता येणार नाही. मग ती उठली, ओल्या हातांनी धडपडत बाहेर गेली.

किटलीतलं पाणी खळखळत होतं. लोकरीवर कढत पाणी पडलं की काय होतं हे मला कुणी सांगायला नको. लोकर आवळते, आखडते, टाक्यात टाका घुसतो आणि उसवायला धागा राहत नाही. चहाचा डाग असेल तर कढत पाण्याने तो पक्का होतो. मग काही करा, जात नाही.

मी किटली उचलली आणि डागावर ओतली.

"तायडे, किती गरम!"

पत्र्याच्या टबात कढत पाणी पडलं की पत्रा वाजतो, कुरकुरतो. मी मनाला हे सांगितलं. तायडे म्हणणारा मला जगात एकच माणूस होता, हे मन मला सांगत राहिलं. मी किटली रिकामी होईपर्यंत खाली ठेवली नाही. एक बाही काठावर आली होती, ती सावकाश पाण्यात परत गेली.

मग पाणी उतरायला लागलं. टबाला गळती नाही. पाणी काठापासून खाली, आणखी खाली, आणि एका बादलीचं जेवढं भरतं तेवढ्यावर येऊन थांबलं.

७

स्वेटर आटून घट्ट झाला होता, ढब्बूच्याही अंगात गेला नसता. डाग ठळक बसला होता, कडक आणि गार. मी तो टॉवेलात गुंडाळला आणि खिडकी उघडली. भाजलेल्या बोटांवर थंड पाणी सोडलं. रडायला आलं तेव्हा या वेळी व्हिनेगरचं नाव घेतलं नाही.

बाहेर ढब्बूचं रडं भरदार झालं होतं. मग त्या रडण्यात शब्द आले. मग तिने नीट, जोडाक्षरांसकट, आईजवळ तक्रार केली, की ओल्या हातांनी धरू नकोस, स्वेटर खराब होईल.

वहिनी बऱ्याच वेळाने दारात आली. ढब्बू तिच्या कडेवर होती, कडेवर घेण्याच्या वयाची ती राहिली नव्हती, तिचे पाय वहिनीच्या गुडघ्यांपर्यंत लोंबत होते. तरी वहिनीने तिला घट्ट धरून ठेवलं होतं. तिची नजर शेगडीवर गेली, रिकाम्या किटलीवर, माझ्या बोटांवर. टॉवेलातल्या गाठोड्याकडे तिने शेवटी पाहिलं.

मी वाट बघत होते, की ती मला काहीतरी बोलेल. बोलली असती तर मी ऐकून घेतलं असतं.

तिने ढब्बूचं डोकं आपल्या खांद्यावर दाबलं, पोरीला ऐकू जाऊ नये अशा बेताने. "ताई, काही बोलला का तो?"

"नाही," मी म्हटलं. "त्याला काही कळलंसुद्धा नाही."